वेस टर्वोचं लग्न आणि ऑटर्सची फायनल

केटल हार्बरमध्ये वेस टर्वोचा चेहरा न ओळखणारा माणूस एखादा सापडेल, आवाज न ओळखणारा सापडायचा नाही. दिवसा तो हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि बर्फाची फावडी विकतो. हिवाळ्यातल्या शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी मात्र आमच्या कॉलेजच्या आइस हॉकी टीमच्या, ऑटर्सच्या, सामन्यांचं धावतं वर्णन गावच्या रेडिओवर करतो. हे अठ्ठावीस वर्षं चाललंय. त्यातली बहुतेक वर्षं ऑटर्स हरले आणि वेस दर सामन्यात सांगत राहिला, "अजून वेळ गेलेली नाही, पोरांनो!" मी त्याचा शेजारी. याच कॉलेजात शिकवतो. माझ्या घरात बायकोनंतर जास्तीत जास्त ऐकला गेलेला आवाज वेसचाच असेल.

त्याची बायको कॅरिन गेल्यावर तो रोज दुपारी डार्लीन पेल्टोच्या बेकरीत मांस-बटाट्याची पेस्टी खायला जायला लागला. डार्लीनही एकटी, जिभेला धार असलेली, आणि हॉकीचं तिला काडीचंही कौतुक नव्हतं. तरी शरद ऋतूत दोघांनी लग्न करायचं ठरवलं. तारीख वेसनेच काढली: मार्चमधला तिसरा शनिवार, दुपारी तीन. हॉलही त्यानेच बुक केला.

त्या वर्षी ऑटर्स लीगच्या आठ टीमांत सहावे आले. बाद सामन्यांच्या पहिल्या फेरीत तीनपैकी दोन जिंकायचे होते. ते तिसऱ्या नंबरच्या टीमच्या गावी जाऊन शुक्रवारी हरले, तेव्हा नेहमीसारखंच झालं म्हणून आम्ही रेडिओ बंद केले. पण शनिवारी ते जिंकले, रविवारीही जिंकले. पुढच्या शनिवारी सेमीफायनलसुद्धा परगावी मारली.

रविवारी सकाळी बेकरी तुडुंब भरली होती. कॅप्टन टकर सुंडबर्ग हनुवटीला टाके घालून पेस्टी खात उभा होता. कुणीतरी म्हणालं, "फायनल येत्या शनिवारी, पाचला, बेलमाँटला."

बेलमाँट इथून गाडीने चार तास. डार्लीनचे हात पिठातच थांबले.

"शनिवारी?"

"मी रेडिओ स्टेशनवर सांगतो," वेस घाईघाईने म्हणाला. "दुसरं कुणीतरी करेल वर्णन."

"दुसरं कोण आहे? आणि मला सांग, तू हाच शनिवार का निवडलास?"

वेस कॉफीच्या कपात बघत राहिला. "तोवर सीझन संपलेला असतो म्हणून."

टकरचा घास तोंडातच राहिला. "म्हणजे आम्ही हरणार हे धरूनच तुम्ही हॉल बुक केलात?"

अख्खी बेकरी हसली. डार्लीन सोडते होय? "माइकवर 'वेळ गेलेली नाही', आणि मागून हॉल बुक! शाबास रे माझ्या नवरदेवा!"

वेसही हसला. पण दुपारी अंगणातला बर्फ काढताना फावडं टेकवून मला म्हणाला, "बोलायचो ते नुसतं तोंडाने. पोरं जिंकतील असं मला खरंच वाटलं नव्हतं रे. टकरच्या डोळ्याला डोळा देता येईना." मी म्हटलं, "आम्हाला तरी कुठे वाटलं होतं?" त्याचं समाधान झालं नाही.

संध्याकाळपर्यंत डार्लीनने पास्टर लिंडग्रेनना गाठलं होतं. "दहाला लग्न, अकराला बस," पास्टर म्हणाले. "प्रवचन आटोपतं घेतो. मलाही मॅच बघायचीय." तिची अट एकच होती: माइकपाशी वेसच्या शेजारची खुर्ची तिची. "लग्नाच्या पहिल्याच दिवशी नवऱ्याला एकटं सोडणार नाही."

तसंच झालं. चर्चच्या पायऱ्यांवरून आम्ही तडक शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढलो. लग्नाच्या जेवणाला पेस्ट्या, मांडीवर कागद पसरून. डार्लीनने निळ्या रेशमी ड्रेसवर लोकरीचा जाड कोट चढवला होता.

पहिल्या वीस मिनिटांत बेलमाँटने दोन गोल केले. खालच्या बाकांवर आम्ही सगळे फोनवर गावचाच रेडिओ लावून ऐकत होतो. वेसचा आवाज मलूल झाला. "अजून वेळ..." म्हणाला आणि तिथेच अडकला. मग रेडिओवर डार्लीन ऐकू आली.

"किती खेळ उरलाय?"

"दोन भाग."

"मग आवाज का पाडलायस? तिकडे माझ्या बेकरीत लोक ऐकतायत. नीट सांग."

आमच्या बाकांवर हशा पिकला. वेसने घसा खाकरला आणि म्हणाला, "दोन भाग उरलेत, मंडळी. चाळीस मिनिटं. पोरं चांगली खेळतायत." या वेळी ते खरंही होतं. दुसऱ्या भागात एक गोल फिटला, तिसऱ्यात दुसरा. शेवटची दोन मिनिटं उरली असताना त्यांच्या गोलकीपरच्या पायाला लागून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, बाहेर आली आणि टकरने ती जाळ्यात ढकलली.

रेडिओवर काहीच नाही. मग डार्लीन: "गोल झाला. आपला. हा रडतोय, जरा थांबा."

लीगचा करंडक घेतल्यावर टकर थेट वर, वेसच्या माइकपाशी गेला. वेस काही बोलायच्या आत त्याने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "आता पुढचा हॉल आम्हाला विचारून बुक करा."

लीग जिंकल्यामुळे देशातल्या सोळा टीमच्या स्पर्धेत जागा मिळाली. सामना आला देशातल्या पहिल्या नंबराशी. बेकरीत रोज वाद रंगतोय. पास्टर म्हणतात, पाच-शून्यने मार खाऊ. पोस्टातली बाई म्हणते, आपला गोलकीपर त्यांना ऐकत नाही. वेसला विचारलं तर तो आधी टकरच्या दुखऱ्या खांद्याचं सांगतो, त्यांच्या वेगाचं सांगतो, मग म्हणतो, "पहिला गोल आपण मारला, तर त्यांचे पाय जड होतील. जमेल. कठीण आहे, पण जमेल."

गुरुवारी टीमची बस निघाली तेव्हा अग्निशमनाची गाडी घंटा वाजवत पुढे होती आणि शाळेची मुलं रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगांवर उभी होती. मागोमाग डार्लीनची व्हॅन, चालवायला ती, शेजारी वेस. काच खाली करून ती मला ओरडून म्हणाली, "ऑफसाइड म्हणजे काय ते हा सकाळपासून समजावतोय, डोकं उठलंय माझं!" वेस हसत होता, आणि नकाशावर बोट ठेवून तिला वळणं सांगत होता.