मधल्या उंचीवरचा भोवरा

ईशान, मीरा, तुमच्या आजीसारखी शिस्तीची बाई बंगलेवाल्यांच्या ग्रुपमधून एकाएकी का बाहेर पडली, हे तुम्ही काल फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. किळस फोनवर सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

वैशाखातली ती सकाळ आंबलेल्या पनीरच्या वासाची होती. आदल्या संध्याकाळी मुळशीच्या डोंगरांवर वळवाचे ढग एकमेकांत मिसळत प्रचंड झाले, कोसळले, आणि कासार आंबोलीतल्या आमच्या वसाहतीनं मागच्या ओढ्यात लोटलेलं सारं, पार्ट्यांचं उष्टं, थर्माकोलच्या ताटल्या, पोरांचे डायपर, पाण्यानं उचलून काठावर मांडून ठेवलं. धुतलेल्या आंब्याच्या पानांवर मात्र कोवळं ऊन निर्लज्ज सुंदर दिसत होतं.

वरच्या अंगाला, भिंत घातलेल्या आमराईत, ठकूबाई धनगरणीच्या मेंढ्या बसल्या होत्या. कोकणाकडून देशावर परतणारे कळप खतासाठी रात्री रानात बसवण्याची इकडची जुनी रीत आहे. कलमांना खत हवं म्हणून तिला बोलावलं होतं आमच्या वसाहतीच्या अध्यक्षांनीच. आता कलमांच्या आळ्यांत लेंड्या पडल्या होत्या, आणि ते नाकाला रुमाल लावून माझ्या दारात उभे होते. आमराईच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असते.

"काकू, पाहुणे यायचेत. वास फार येतोय. वादळ संपलं, आता जाऊ दे त्यांना ओढ्याकाठी."

"लेंड्यांचा वास येतुया व्हय सायबाला?" मागून ठकूबाई म्हणाली. "आन् तुमच्या ओढ्याला काय अत्तर लावलंय? बाई, कोकरं दोन दिसांची हायेत. तितं न्हाई टिकायची."

ईशान, पहाटेच तू उपग्रहाचं चित्र पाठवून समजावलं होतंस: अशा विशाल मेघसमूहाच्या पोटात, मधल्या उंचीवर, हवा संथपणे गोल फिरू लागते, खालचा पाऊस थांबतो, ढग विरतात, तरी तो भोवरा उरतो, आणि दुसऱ्या दिवशी जमीन तापली की त्याच्याभोवती नवं वादळ उभं राहू शकतं. निरभ्र दिसणाऱ्या आकाशात तो होता. मी एवढंच म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत फाटक उघडणार नाही."

अध्यक्षांनी रुमालाआडून माझ्या वयाबद्दल काहीतरी म्हटलं आणि ते गेले.

दुपारी चहाच्या वेळेला ऊन पिवळं पडलं. मग उजेडच गेला. गारा, वारा, आणि ओढ्याचं काळं पाणी, जिथे ठकूबाईच्या कापडी राहुट्या, तिची पालं, ठोकली गेली असती, नेमक्या त्या जागेवरून फेसाळत गेलं. आमराईच्या भिंतीशी मेंढ्या एकमेकींच्या कुशीत डोकी खुपसून उभ्या होत्या. ओल्या लोकरीचा उग्र, उबदार वास माझ्या खिडकीपर्यंत येत होता, आणि दिवसभरातला तेवढाच वास मला स्वच्छ वाटला.

संध्याकाळी ग्रुपवर कोकरांची छायाचित्रं आली. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'आपल्या वसाहतीनं वाचवलेले मुके जीव.' त्याखाली टाळ्या, जोडलेले हात, फुलं. मी बाहेर पडले ती तेव्हा.

आता आकाश निवळलं आहे, लोक हसून नमस्कार करतात, मीही करते. आत, मधल्या उंचीवर, काहीतरी अजून फिरतं आहे. त्यातून पुढे काय उठेल, ठाऊक नाही.

कोकरं देशावर पोचली. ओढा तसाच आहे. किल्ली माझ्याकडेच आहे.