म्हशीपुढचं भाषण

हे मी कुणालाच बोललो नाही. बायकोला नाही, पलटणीतल्या दोस्ताला नाही, दोन घोट पोटात गेल्यावरही नाही — आणि ज्यानं मला दोन घोटांनंतर ऐकलंय त्यालाच कळेल, हे गिळून ठेवणं मला किती जड गेलं असेल ते. कारण गड्या, माझ्या पोटात काही राहत नाही. घडलेलं सांगतो, न घडलेलं जास्त रंगवून सांगतो. कृष्णेच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून सांगलीचा बाजार करून आलेला माणूस मी. पाटणच्या जंगलात वाघाला तंबाखू मळून दिली होती, त्याला ठसका लागला. लष्करातली सगळी नोकरी गोदामात कांबळी मोजण्यात गेली, पण गावात विचाराल तर निम्मी सरहद्द मी एकट्यानं राखली. लोकांना ठाऊक असतं, तात्या थापा मारतोय. तरी पुढं सरकून बसतात.

आणि आता एकदाच खरं सांगायला बसलोय, तर बघा — कुठनं धरावं तेच कळेना.

लोक विचारतात, तात्या, तुम्ही भाषणं का सोडली? मी लांब उसासा टाकतो आणि सांगतो, राजकारणाचा वीट आला. सगळे सारखेच. काल या गाडीत, आज त्या गाडीत. नावं घ्यायची थोरामोठ्यांची आणि पोरं मोठी करायची आपली. मत द्यावं असा माणूसच उरला नाही. टपरीवरची सगळी मंडळी माना डोलावतात. तरणी पोरं म्हणतात, खरं हाय तात्या, आमी तर ‘नोटा’च दाबतो. कुणीतरी माझ्या चहाचे पैसे देतो. निराश झालेल्या माणसाला आमच्याकडं फार मान आहे.

मी निराश होऊन भाषणं सोडली, ही माझी सगळ्यात यशस्वी थाप. मगरीवर कुणी विश्वास ठेवला नाही. हिच्यावर सगळ्यांनी ठेवला.

आधी माझं काम सांगतो. कडेगाव तालुक्यातलं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. पेन्शनीवर आलो तेव्हा तोंडाला काम हवं होतं, ते निवडणुकांनी दिलं. सभा साडेपाचची असली तरी नेता दिवे लागल्याशिवाय येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग टेम्पोतनं आणून बसवलेली माणसं तोवर धरून कोण ठेवणार? ते मी. नेत्याची गाडी येईपर्यंत माईक माझ्याकडं. हसवायचं, रडवायचं, मध्येच एक घोषणा द्यायची. माझ्या स्कूटरच्या डिकीत सगळ्या पक्षांचे गमछे असत, एकाखाली एक घड्या करून. सकाळी एका गावात एक, संध्याकाळी दुसऱ्या गावात दुसरा. एकदा घाईत चुकीचा निघाला, तर मी म्हणालो, शत्रूचा गमछा हिसकावून आणलाय! टाळ्या पडल्या.

समतेवर तर मी असा बोलायचो — काय सांगू! स्टेजवर थोर माणसांचे फोटो, त्यांना हार, आणि मी हात जोडून म्हणायचो, एका विहिरीचं पाणी सगळ्यांनी प्यायलं पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खरं असायचं हो. सभेपुरतं खरं. सभा संपली की दलित वस्तीची माणसं पलीकडच्या टेम्पोत चढायची, आमची अलीकडच्या, आणि मी गमछा डिकीत टाकून घरी जेवायला.

तर त्या वर्षी सरपंचपदाची सोडत निघाली, आणि ते अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव झालं. गावात सुतक पडल्यासारखं झालं. मग दोन्ही पॅनेलांनी डोकी चालवली. आमच्या पॅनेलनं साहेबांच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरची बायको उभी केली, दुसऱ्यानं त्यांच्या गुऱ्हाळावरच्या कामगाराची आई. दोघी बिचाऱ्या भल्या बाया, दोघींना कुणी विचारलंच नव्हतं. खुर्ची त्यांची, कारभार मालकांचा. मी ज्यांच्या पॅनेलचा भोंगा होतो ते साहेब म्हणाले, “तात्या, सामाजिक न्याय आपल्या घरातनंच सुरू झाला पायजे.” आणि डोळा मारला. मी हसलो.

आणि तिसरी उभी राहिली सुमन.

वस्तीतली. बारावी शिकलेली, घरी शिलाई मशीन, बायकांचा बचत गट चालवायची. तिला कुणी उभं केलं नव्हतं, ती आपली आपण उभी राहिली होती. वस्तीतल्या गटारीचं पाणी तिच्या आळीत गुडघ्याला लागायचं, आणि वस्तीच्या नावानं आलेलं काम दर वेळी गावात दुसरीकडंच कुठंतरी व्हायचं. तेवढंच तिचं म्हणणं.

एके दिवशी ती आमच्या गोठ्याशी आली. अंगणापर्यंत नाही आली, गोठ्याशीच थांबली. मीही ‘वर ये’ म्हणालो नाही — हेही सांगूनच टाकतो.

“आवं तात्या, मला चार शब्द बोलायला शिकवा की,” म्हणाली. “मशीनवर बसलं की डोक्यात भाषणाची भाषणं येत्यात. माणसं दिसली की पाय लटलटा कापत्यात बघा.”

मला काय आनंद झाला! मला गुरू कुणी केलंच नव्हतं आयुष्यात. मी तिला दम कुठं घ्यायचा ते सांगितलं, टाळीला किती थांबायचं ते सांगितलं. आणि सांगितलं, “सुमन, रोज तुझ्या म्हशीपुढं उभं राहून भाषण करायचं. म्हशीसारखा श्रोता न्हाई. तोंडाकडं बघती, रवंथ करती, पर हसत न्हाई. म्हैस जिंकलीस की गाव जिंकलंस.”

ती पदर तोंडाला लावून हसली. पण तिनं ते केलं. रोज केलं. आठवड्यानं येऊन सांगून गेली — हातात लाटणं धरून, म्हशीपुढं. आणि तिचं पहिलं वाक्य तिनं मला म्हणून दाखवलं, आमच्या गोठ्याशी उभं राहून: “मी कुणाच्या मागं उभी राहायला आले न्हाई, तुमच्या पुढं उभी राहायला आले.”

मी इतकी वर्षं माईक चावला, असं एक वाक्य माझ्या तोंडातनं आलेलं नाही. मनात म्हटलं, मत हिलाच. शपथेवर सांगतो, तसं ठरवलं होतं. आणि जाता जाता ती म्हणाली, “तात्या, कुणाला सांगू नगासा. लाज वाटती.”

नाही सांगत, म्हणालो.

आता — आता येतो त्याच्यापाशी. थांबा जरा.

आमच्या पॅनेलची मोठी सभा. साहेब नेहमीप्रमाणं उशिरा. मी मगर सांगितली, वाघ सांगितला, सरहद्द राखून झाली. उकाडा असा की मांडवाच्या बांबूंना घाम फुटलेला. मागच्या बाया उठायला लागल्या. एक उठली की दहा उठतात, हे मला ठाऊक. पुढं बसलेला साहेबांचा माणूस मला खुणा करतोय, धर, धर! आणि माझ्याकडं काही उरलं नव्हतं. सभा माझ्या हातातनं निसटत होती — आणि तुम्हाला म्हणून सांगतो, ते मला मरणापेक्षा वाईट वाटायचं.

मी म्हणालो, “मंडळी, आपल्या विरोधी उमेदवार सुमनताई —” ताई म्हणालो. उभ्या जन्मात तिला ताई म्हटलं नव्हतं. “सुमनताई सध्या प्रचार कुठं करत्यात ठाऊक हाय का? म्हशीपुढं!”

उठलेल्या बाया थांबल्या.

मग काय विचारता. मी माईकचं लाटणं केलं. पदर घेतल्यासारखा गमछा डोक्यावर घेतला. तिचा आवाज काढला, तिचे कापणारे पाय काढले. तिचं वाक्य घेतलं — ते वाक्य, जसंच्या तसं — आणि त्याच्या शेवटाला म्हशीसारखा रेकलो. मांडव कोसळायचा बाकी होता. म्हटलं, म्हशीनं ऐकून दूध बंद केलं, म्हणती आधी आश्वासन पुरं करा! माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. तेवढ्यात साहेबांची गाडी आली, आणि साहेबही पायरीवर उभे राहून पोट धरून हसले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तात्या, सभा मारलीत.”

त्या हातासाठी? हो, त्या हातासाठी. आणि त्या हशासाठी. दुसरं काहीही कारण नव्हतं.

एक प्रश्न मी स्वतःला विचारत आलोय. आमच्या भावकीतली एखादी वहिनी गोठ्यात भाषणाचा सराव करत असती, तर मी हे केलं असतं? लोक असे हसले असते? नाही. म्हणाले असते, काय जिद्द आहे बाईची! तेव्हा तो हशा म्हशीचा नव्हता. मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं कशाला हसतोय. आणि मी, समतेवर रडणारा, मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सुमनची सभा होती, वस्तीच्या कट्ट्यावर. मी लांब रसवंतीच्या गाड्याशी उभा होतो. माणसं बरी जमली होती, गावातलीही. ती उभी राहिली. दम बरोबर घेतला, मी सांगितला होता तसा. “मी कुणाच्या मागं —” एवढं म्हणाली आणि मागनं कुणीतरी रेकलं. मग दुसरीकडनं. मग पोरांचा कळपच. तिच्या बाजूला उभा असलेला तिचा नवरासुद्धा, खाली मान घालून, हसू दाबत होता. ते मी पाहिलं. मग माईक तिनं कट्ट्यावर ठेवला — टाकला नाही, नीट ठेवला, भाड्याचा होता — आणि घरात गेली.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. ती सांगेल. उठून गावाला सांगेल की म्हैस माझी, पण अक्कल तात्याची. हाच शिकवत होता मला, आणि यानंच माझं हसं केलं. मी रोज वाट बघत होतो. टपरीवर कुणी माझ्याकडं बघितलं तरी मी चहा अर्धा टाकून उठायचो. तिनं सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलं नाही. का नाही सांगितलं? माझी दया आली? की सांगून कोण ऐकणार, हे तिला त्या कट्ट्यावरच कळलं होतं?

मतदानाला गेलो. केंद्रात यंत्रापुढं उभा राहिलो, तिचं नाव समोर होतं. आणि मी ‘नोटा’ दाबलं. बाहेर येऊन शाई लावलेलं बोट मिरवलं, म्हणालो, सगळे चोर! मत द्यावं असा माणूस नाही. ती थाप तिथं पहिल्यांदा मारली. तिचं नाव दाबायची लाज वाटली मला — तिची नव्हे, माझी. जणू बटण दाबलं असतं तर ती यंत्रातनं माझ्याकडं बघणार होती.

ती पडली. वस्तीतही तिला निम्मी मतं मिळाली नाहीत. ट्रॅक्टर ड्रायव्हरची बायको सरपंच झाली. ती मिटिंगला येते तेव्हा चहा करते.

पुढच्या निवडणुकीत मी माईक हातात घेतला तर समोरून आरोळी आली, “तात्या, म्हशीचं होऊ द्या!” सगळा मांडव रेकायला लागला. प्रेमानं हो. मी घसा बसल्याचं सोंग केलं आणि उतरलो. ते शेवटचं. यालाच मी वीट आला म्हणतो.

सुमन अजून कपडे शिवते. आमच्या सुनेचे ब्लाऊज तिच्याकडंच असतात. वाटेत भेटली तर “बरं हाय का तात्या” म्हणते. तिच्या थोरल्या मुलीला शाळेत पोरं काय म्हणायची, ते मी इथं सांगत नाही. तुम्हाला कळलंय.

गेल्या ग्रामसभेचं सांगतो आणि संपवतो. वस्तीच्या सुधारणेचा निधी आला होता, रस्त्याचा. ग्रामसेवकानं ठराव वाचला. रस्ता वस्तीच्या नावाचा, पण वस्तीच्या अलीकडंच वळून साहेबांच्या पोल्ट्रीकडं जाणार. हातचलाखी इतकी उघडी की ऐकणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. ग्रामसेवक म्हणाला, कुणाचं काही म्हणणं? दाराशी बायकांत सुमन बसली होती. ती अर्धी उठली. खरंच उठली. तोंड उघडलं — आणि मागनं कुणीतरी, हळूच, अगदी सवयीनं, रेकलं. मोठ्यानंसुद्धा नाही. ती पदर सावरायलाच उठल्यासारखा पदर सावरून खाली बसली.

मी पहिल्या रांगेत होतो. माझा आवाज बिनमाईकचा पाराच्या पलीकडं ऐकू जातो, ही एवढी गोष्ट मी कधी वाढवून सांगितलेली नाही. ग्रामसेवक म्हणाला, मंजूर? हात वर झाले. माझाही झाला.

रस्ता झालाय. गुळगुळीत झालाय, खोटं कशाला बोलू. सकाळी डेअरीला दूध घालायला मी त्याच रस्त्यानं जातो. तिकडनं गेलं की सुमनच्या दारावरनं जावं लागत नाही.