हत्यारं देवीपुढे, गाडी दारात

कोल्लीमलै डोंगराच्या पायथ्याला, सेंदमंगलमच्या नाक्यावर मारप्पनची गाड्या दुरुस्तीची शेड आहे. तरणा होता तेव्हापासून तो एकच काम करतो, स्टिअरिंगचं. कुणी इंजिन घेऊन आलं तर शेजारच्या शेडकडे बोट दाखवतो. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकून घेतो, पण आधी स्वतः स्टिअरिंगचं चाक फिरवतो. एकदा इंजिन बंद ठेवून, एकदा चालू करून. पान्याला हात त्यानंतर.

आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तर पान्याला हातच नाही. धुतलेली हत्यारं चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडली की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत उचलायची नाहीत.

अशाच एका आयुधपूजेच्या दुपारी तो हरभऱ्याची उसळ खात बसला होता. पोन्नरसीची जुनी व्हॅन कण्हत दारात आली. कोल्लीमलैच्या घाटात प्रवासी नेणारी पोन्नरसी ही नाक्यावरची एकमेव बाई. मागे डोंगरावरच्या बाया, बाजार करून, झेंडूच्या माळा मांडीवर घेऊन बसलेल्या. घरी पूजा खोळंबलेली.

"अण्णा, चाक दगड झालंय. मध्येच हलकं होतं, मध्येच जाम. पहिल्या वळणावरून परत आणली."

"आज? उद्या ये."

"उद्या येऊन काय करू? नाक्यावरचे ड्रायव्हर आत्ताच दात काढतायत. आज या बायांना त्यांच्या जीपमध्ये बसवलं, तर परत माझ्या गाडीत कोण बसेल?"

मागून एक म्हातारी ओरडली, "आम्ही बसू गं! आधी वर तरी पोचव!"

मारप्पनने हात धुतले. "बघायला हात पुरतात."

दारातून त्याची बायको अंगम्माळ म्हणाली, "पुरतात ना? मग पाना उचललात तर रात्री देवीकडेच जेवायला बसा."

इंजिन बंद असताना चाक जड होतं, पण सारखं जड. म्हणजे खाली कुठला सांधा अडकला नव्हता. इंजिन चालू केलं आणि पंप रडायला लागला. तेलाच्या डब्याचं झाकण त्याने हातानेच काढलं. आत ताकासारखा फेस.

"पंप गेला का, अण्णा?"

"रडतोय म्हणजे जिवंत आहे. वारा खातोय. कुठून, ते बघू."

तो गाडीपुढे उताणा झोपला आणि डब्याकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप चाचपत गेला. बोटांना काथ्या लागला.

"बंपरला ही पूजेची केळ कुणी बांधली?"

"मीच, सकाळी. झाड नीट उभं राहीना. आत एक पाइप दिसला..."

"पाइप दिसला! अगं, पंप त्यातून तेल ओढतो. झाडाने वाटभर हिसके दिले आणि जोड सैल झाला."

"मला वाटलं देवी कोपली."

"देवी कशाला कोपेल? गाठ तुझी."

त्याने केळ सोडली, पाइप जागेवर दाबून बसवला. आता क्लिपचा स्क्रू आवळायचा, आणि स्क्रूड्रायव्हर देवीजवळ. त्याने कमरेची चुन्याची डबी काढली. तिच्या झाकणाची कड स्क्रूच्या खाचेत नेमकी बसली.

अंगम्माळने मान लांब केली. "ते हत्यार नाही वाटतं?"

"चुन्याची डबी आहे."

"बरं, बरं."

पोन्नरसीने चावीला हात घातला. तो खेकसला, "थांब! आतला वारा कोण काढणार?" त्यासाठी पुढची चाकं उचलून सहज वळती करायची, तर जॅकही पूजेत होता. मग त्याने केळीची सोपटं सोलून, ओली करून पुढच्या चाकांपुढे पसरली आणि बायांकडून गाडी त्या निसरड्या सोपटांवर ढकलून घेतली, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरत वळतील. इंजिन बंद ठेवून तो स्टिअरिंगचं चाक डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. उतरायचा, तेल बघायचा, कमी झालं की भरायचा.

"झालं की, अण्णा!"

"फेस आहे."

पुन्हा तेच. मग इंजिन चालू करून तेच. सदरा पाठीला चिकटला. शेवटी तेल स्वच्छ लाल दिसलं आणि पंप गप्प झाला.

तरी त्याने गाडी सोडली नाही. शेजारी चढून बसला. "पहिलं वळण एका हाताने घे. दुसरा लागला तर परत फिरायचं."

पहिल्या वळणावर पोन्नरसीने एका तळव्याने चाक फिरवलं. गाडी लोण्यासारखी वळली. मागे बायांनी जिभा हलवून मंगल कल्लोळ केला.

"झालं. मला उतरव."

"चढावर थांबत नसतात, अण्णा. मागचे जीपवाले म्हणतील, परत बिघडली. वर जेवून जा."

बाया हसल्या. मारप्पन चाकाकडेच बघत राहिला. चौथ्या वळणाला पोन्नरसीचा दुसरा हात खिडकीवर टेकला.

"दोन्ही हात चाकावर ठेव," तो म्हणाला. "मी गाडी तपासलीय, तुला नाही."