हिरव्या वाळवंटातला लूप

मीनल साठ्ये कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. बोलणं कमी, पण कुणाची शिफ्ट घ्यायची असली की तीच आधी हो म्हणायची. नवरा अंबरीश हाडांचा सर्जन. सुट्टीला कुठे जायचं, सोफा कुठला घ्यायचा, मुलीने काय शिकायचं, सगळं तोच ठरवायचा. बायकोच्या चुका काढणं हा त्याचा विरंगुळा होता आणि चारचौघांत तो जास्तच खुलायचा. "आमच्या मॅडमना डावं-उजवं कळत नाही," असं म्हणून तो पाहुण्यांना हसवायचा. मीनल आत जाऊन चहा टाकायची.

पन्नाशीनंतर त्याला डोंगरांचं वेड लागलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी तो मीनलला आणि युनिव्हर्सिटीतून घरी आलेल्या आर्याला घेऊन मध्य वेल्सला गेला. त्या भागाला वेल्सचं हिरवं वाळवंट म्हणतात. वाळू नाही, पण घरही नाही आणि झाडही नाही; मैलोन्‌मैल फिकट गवताचे डोंगर आणि मधे खोल घळी. वर जायचं, सँडविच खायचं, त्याच वाटेने उतरायचं, एवढंच ठरलं होतं.

शिखरावर अंबरीशने फोनवरचा नकाशा उघडला. "आल्या वाटेने परत काय जायचं? समोरचं शिखर घेऊ, मग त्या पलीकडच्या घळीतून उतरू. मस्त लूप होईल."

"तिकडे वाट दिसत नाहीये," मीनल म्हणाली.

"तुला मोटरवेवरसुद्धा वाट दिसत नाही."

आर्या हसली.

वाट नव्हतीच. गुडघ्याएवढे गवताचे पुंजके आणि मधे काळं पाणी. दुसरं शिखर ओलांडून उतरताना मीनलचा पाय दोन पुंजक्यांमध्ये अडकला आणि ती आडवी पडली. घोट्यात काडकन आवाज झाला. अंबरीशने बूट न काढताच वरून दाबून पाहिलं.

"मुरगळलाय. चाल, मोकळा होईल."

"नाही रे, आत काहीतरी मोडलंय."

"हाडांचा डॉक्टर कोण, तू की मी?"

ती चालली. प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यात धुकं उतरायला लागलं.

"तुझ्यापायी आम्हीही अडकू," अंबरीश म्हणाला. "आम्ही पुढे होतो. ओढ्याच्या कडेकडेने खाली ये."

"बाबा, आई एकटी येणार?" आर्याने विचारलं.

"चल म्हटलं ना!"

आर्या गेली. ती वळून बघेल म्हणून मीनल तिच्या लाल जॅकेटकडे बघत राहिली. धुक्यात जॅकेट दिसेनासं झालं.

घळीत ती बसून, घसरत उतरली. पुढे ओढ्याचं पाणी एका कड्यावरून खाली कोसळत होतं आणि धुक्यात उतरायला जागा दिसत नव्हती. परत चढणं शक्य नव्हतं. फोनला रेंज नव्हती. ती खडकाला टेकून बसली आणि सॅकच्या पट्ट्यावरची शिट्टी वाजवत राहिली.

खाली गाडीत अंबरीश हीटर लावून बसला होता. "येईल. नाटकं असतात तिची." संध्याकाळ झाली तेव्हा आर्या दार उघडून पळत सुटली आणि खालीही रेंज नव्हती म्हणून लांबच्या एका फार्मवरून तिने मदतीसाठी फोन लावला. माउंटन रेस्क्यूची, डोंगरातल्या बचाव पथकाची माणसं शिट्टीच्या रोखाने मीनलपर्यंत पोचली. ती थंडीने थरथरत होती. त्यांच्यातल्या एका बाईने बूट कापून काढला आणि विचारलं, "या पायावर चालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या नवऱ्याने. तो हाडांचा सर्जन आहे."

बाईने पायाला फळी बांधायला घेतली.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता आणि चालल्यामुळे हाड सरकलं होतं. वॉर्डात अंबरीश तिथल्या डॉक्टरला सांगत होता, "मी एका जागी बसून राहा म्हणत होतो, हिनेच ऐकलं नाही." आर्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. मीनलने तिच्याकडे पाहिलं. आर्याने मान खाली घातली.

हॉस्पिटलमधून मीनल घरी गेलीच नाही. लॅबमधली मैत्रीण ऋजुता तिला न्यायला आली. पुढे मीनलने कौन्सिलच्या लायब्ररीजवळ छोटा फ्लॅट घेतला. पाय थोडा लंगडा राहिला. अंबरीश तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत तो किस्सा अजून रंगवून सांगतो आणि लोक हसतात.

आर्या एकदा फ्लॅटवर आली. "आई, सॉरी. मला वाटलं तू मागे येतेयस."

"वळून बघितलंस?"

"नाही."

"मग कसं वाटलं?"

आर्या रडायला लागली. मीनलने तिला जवळ घेतलं नाही. चहाचा कप संपवला, उठून विसळला आणि तिचा कोट आणून तिच्या हातात दिला.