डोंगराच्या मध्यावर थांबले तेव्हा

सांगायला आज लाज वाटते, पण त्या रविवारी मुळगावच्या खंडोबाला निघाले तेव्हा माझ्या मनात भक्ती थोडी आणि राग जास्त होता. मी सव्वीस वर्षांची. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आई आणि मी अशा दोघीच राहतो, आणि आनंदनगरच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला आहे. वर्षभर माझी छाती आवळून यायची. श्वास घ्यायला जावं तर तो अर्ध्यावरच अडायचा. आधी खोकी घेऊन जिना चढताना व्हायचं, मग नुसतं भरभर चालताना, आणि पुढे पुढे तर वेणी घालायला हात वर धरले तरी दम लागायचा.

जवळच्या डॉक्टरांनी छाती तपासली, पित्त म्हणाले, गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "या वयात हार्टचं काही नसतं, टेन्शन घेऊ नकोस." नातेवाइकांनी त्याचा संबंध लग्नाशी लावला. मोबाइलवर शोधलं तर तिथेही तरुणपणी छाती भरून येते ती बहुतेक घाबरल्यामुळे, असंच वाचायला मिळालं. मला ते पटलंही, कारण भीती तर वाटत होतीच. डोळे मिटून आकडे मोजत श्वास घ्यायचे, नामस्मरण करायचे. कधी बरं वाटायचं, कधी नाही. नाही वाटलं की स्वतःवर चिडायचे. आपलं मनच कमजोर, श्रद्धाच कच्ची, असं मी ठरवून टाकलं होतं. आई मात्र दिवा लावताना रोज काहीतरी पुटपुटायची. शेवटी तिने नवस बोलला की पोरीला अनवाणी डोंगर चढवीन आणि तिच्याच हाताने भंडारा वाहीन. तिचं मन मोडवेना म्हणून मी निघाले.

थंडीचे दिवस होते, सकाळचं ऊन कोवळं होतं. पहिल्या काही पायऱ्या बऱ्या गेल्या. मग छातीत तेच सुरू झालं. आईला काळजी नको म्हणून खोटं बोलले, "सुपरवायझरचा फोन येतोय, तू हो पुढे." ती वळणापलीकडे गेली आणि मी मटकन पायरीवर बसले. कानात ठोके वाजत होते. वर देऊळ दिसत होतं आणि मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, एवढं बोलावलंस तर चढायची ताकद तरी द्यायची.

शेजारच्या पायरीवर एक बाई आवळ्यांची पाटी घेऊन बसली होती. पन्नाशीची असेल, डोंगरापलीकडच्या पाड्यावरची. तिने मला पाणी दिलं आणि किती तरी वेळ नुसती माझ्या गळ्याकडे, श्वासाकडे बघत राहिली.

"चढताना दम सगल्यांना लागतो," ती म्हणाली. "निजल्यावर लागतो का?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"उशाला किती घेतेस?"

मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. महिना दोन महिने मी तीन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपत होते. आडवं झालं की गुदमरायचं. सवय लागली म्हणून मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"आनि ल्हानपनी गुडघे सुजायचे?"

मला एकदम चौथीतलं आजारपण आठवलं. ताप, आज एक गुडघा सुजलेला, उद्या दुसरा, महिनाभर बुडलेली शाळा. मी हो म्हटल्यावर त्या बाईने पाटीवरचं फडकं उगाच नीट केलं. तिची मुलगी अशीच होती, हे तिने मग सांगितलं. भिंतीला टेकून बसून झोपायची. आधी भगताकडे नेली, मग गावातल्या दवाखान्यात, आणि मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी हेच प्रश्न विचारले होते. तिने ते जपून ठेवले होते.

"तू आता वर चढू नको," ती म्हणाली.

"आईचा नवस आहे, मावशी."

"देव खाली बी हाय. तुजा नारल मी नेते."

आणि खरंच, पाटी माझ्याजवळ ठेवून, माझा नारळ आणि भंडाऱ्याची पुडी घेऊन ती चढू लागली. तिच्या आवळ्यांजवळ बसून मी रडले. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी माझं दुखणं खरं मानलं होतं. तासाभराने आई तिच्यासोबत उतरली. देवळात माझी वाट बघत थांबलेल्या आईला मावशीने सगळं सांगितलं होतं. आईचे डोळे लाल होते. तिने माझ्या कपाळाला भंडारा लावला आणि एवढंच म्हणाली, "उद्या कामावर नाही, मोठ्या दवाखान्यात."

तिथे छातीची सोनोग्राफी झाली, तिला इको म्हणतात. हृदयाची एक झडप आकसली होती, त्या लहानपणीच्या तापामुळेच. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी समजावलं, "घाबरल्यानेही छाती आवळते, ते दुखणंही खरंच असतं. पण आडवं झाल्यावर, चालताना दम लागत असेल तर आधी हृदय, फुप्फुस, रक्त तपासायचं. वय बघून सोडून द्यायचं नाही." मुंबईच्या रुग्णालयात मांडीच्या शिरेतून बारीक फुगा हृदयापर्यंत नेऊन, तो फुगवून तिथल्या डॉक्टरांनी ती झडप उघडली. चौथ्या दिवशी मी घरी आले. आता तो ताप परत उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन असतं, तेवढं सांभाळायचं.

त्या दिवशी ती बाई नेमकी त्याच पायरीवर कशी, हे मी कुणाला पटवायला जात नाही. ती रोजच तिथे बसते. थांबले मी, तेही नाइलाजाने. मी वर्षभर शरण जाणं म्हणजे सोसत राहणं असं समजत होते. दम कोंडला तरी चढत राहायचं आणि तक्रार करायची नाही. त्या पायरीवर मला कळलं की "माझ्याच्याने होत नाही" हे मान्य करून हातातला नारळ दुसऱ्याच्या हातात देणं, हीही शरणागतीच आहे.

बरी झाल्यावर आई आणि मी पुन्हा गेलो. मावशीने मला ओळखलं नाही, मग ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. "बरं जालं," म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "फुगा घातला असता तर माजी पोर बी ऱ्हायली असती?"

आईने तिचा हात हातात घेतला. निघताना मी तिला मुलीचं नाव विचारलं. पुष्कळ दिवसांत कुणी विचारलं नसावं. "सखू," ती म्हणाली, आणि परत एकदा म्हणाली.

आता संध्याकाळी देवापुढे हात जोडले की मी आधी सखूचं नाव घेते, मग माझं.