रबराची गोमुखी

साक्रीच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर पिंपळनेरजवळच्या एका महादेवाची पूजा मी अंगावर घेतली. देवळाच्या पायऱ्या थेट पांझरेच्या डोहात उतरतात. या डोहातले मासे देवाचे. त्यांना कोणी धरत नाही आणि पायताण घालून पाण्यात कोणी उतरत नाही.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापिका नदीतल्या माशांची नोंद करण्यासाठी तेथे आल्या. पाठीवर बॅटरीची पेटी, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला धातूचे कडे आणि मागे पाण्यात शेपटीसारखी लोंबणारी तार, असा त्यांचा सरंजाम होता. कडे आणि तार यांच्यामधल्या पाण्यातून वीज वाहते, मासे क्षणभर सुन्न होऊन वर येतात, ते जाळीत घेऊन मोजायचे आणि परत सोडायचे. "मरत नाहीत ना?" असे मी तीनदा विचारले. त्यांनीही न कंटाळता तीनदा "नाही" म्हटले.

जाळी धरण्यासाठी धरणावर मासेमारी करणारा गावातलाच एक गृहस्थ ठरला होता. बाईंनी त्याच्यापुढे छातीपर्यंत पोहोचणारा रबरी पोशाख ठेवला, खाली बूट जोडलेला. शिवाय लांब हातमोजे. त्याने लांबूनच हात जोडले.

"बूट घालीसन देवना डोहमा कसा उतरू, नाना?"

"बूट नाहीत तर तुम्हीही नाही, भाऊ," बाई म्हणाल्या. "ज्या विजेने मासा सुन्न होतो, तिने माणसाचे काळीज बंद पडू शकते."

तो नुसती मान डोलावत राहिला. तरुणपणापासून मी त्याला ओळखतो. बाईंची पाठ फिरताच तो बूट काढून अनवाणी पाण्यात शिरणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. त्याच्या जिवाचा प्रश्न आता माझ्या शब्दावर येऊन ठेपला होता.

मी थोडा विचार केला. "निषेध आहे तो चामड्याचा," मी म्हणालो. "रबर म्हणजे झाडाचा चीक. वडाच्या चिकाचा भाऊबंद."

"आनि हातमोजा?"

मी माझी जपाची गोमुखी काढून दाखवली. "माळ ओढताना माझा हात या पिशवीत असतो. जप संपेपर्यंत तो मी बाहेर काढतो का?"

"नही."

"मग ही तुझी गोमुखी. काम संपेतो हात बाहेर काढायचा नाही."

हे त्याला पुरते पटले. हातमोजे त्याने कपाळाला लावून मगच चढवले.

बाईंची शिस्त मला फार आवडली. त्या "चालू?" असे विचारत, प्रत्येकाचा "हो" ऐकत आणि मगच दांड्यावरचा खटका दाबत. बोट उचलले की वीज बंद. चंदेरी पोटाचे मासे वर तरंगू लागले, जाळीतून पाण्याने भरलेल्या बादलीत गेले आणि तेथे हळूहळू पुन्हा शेपट्या हलवू लागले. पाहता पाहता मी रमून गेलो. अभिषेकाची वेळ झाल्याचे एकदम ध्यानात आले, तसा तांब्या उचलला, चार पायऱ्या उतरलो आणि पाण्याकडे वाकलो.

"नाना, गोमुखी!" जाळी धरलेला तो पाण्यातून ओरडला.

बाईंचे बोट तत्काळ खटक्यावरून उठले. तांब्या पाण्यापासून वीतभर वर थांबला होता. त्याला धरणारा माझा हात उघडा, पाय उघडे आणि पायरी ओली.

मग जाळी सावरत तो शांतपणे म्हणाला, "तांब्याबी चीकनाच शे का, नाना?"

बाईंनी हसू आवरण्यासाठी तोंड फिरवले. मी मात्र मोकळेपणाने हसलो आणि रिकामा तांब्या घेऊन चारही पायऱ्या परत चढलो.

त्या दिवशी महादेवाला अभिषेक घडला तो हातपंपाच्या पाण्याने. पंप त्यानेच हापसला. तांब्या भरून आम्ही देवळाशी आलो, तेव्हा उंबऱ्यापाशी थांबून तो रबरी पोशाख उतरवू लागला. अंगावर राहू दे, माझी हरकत नाही, असे मी म्हटले.

"चीक झाडना शे," बुटांचे तळवे मला दाखवत तो म्हणाला, "पन चिखल ते गावना शे ना, नाना."