फ्लॉपीवरचं कुंकू

आईच्या जुन्या फ्लॉपीवर कुंकवाचा डाग आहे. शाळेच्या ऑफिसात क्लार्क असताना तिने दसऱ्याला कॉम्प्युटरसोबत फ्लॉपीचीही पूजा केली. कुंकू आत सांडलं आणि फ्लॉपी वाचेनाशी झाली. तिने टाइप केलेली पहिली पत्रं त्यात होती. "माझ्याच हाताने घालवली," ती म्हणायची. पण मला वाटायचं, ज्यावर पोट चालतं त्याला कुंकू लावायचं नाही, तर कशाला?

मी आतली चकती अलगद धुतली. जुन्या ड्राइव्हला माझं घरी जोडलेलं, डब्यात बसवलेलं सर्किट लावलं. अडलेली जागा ते पुन्हापुन्हा वाचतं, कंटाळत नाही. आज पत्रं पडद्यावर आली. आईने सगळी वाचली आणि एक चूक काढली.

मग कुंकू आणून माझ्या यंत्राला लावलं. डब्याला बाहेरून, बोट जपून.